हृदयावर बाहेरून शिवलेली पेसमेकरची वायर : किती टिकते, कुठे बिघडते, काय तपासायचं

पेसमेकर बसवलेल्या मुलाचे आईवडील तपासणीला आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : बॅटरी किती राहिली? प्रश्न रास्त आहे, पण बॅटरी संपते ती सांगून संपते. मशीन काही महिने आधी इशारा देतं, मग सोयीची तारीख बघून डबी, म्हणजे बॅटरीसकट पेसमेकरचं मशीन, बदलता येते. वायरीचं तसं नसतं. ती कधी हळूहळू कमकुवत होते, तर कधी कालपर्यंत ठणठणीत असलेली आज तुटलेली निघते. ती छाती उघडून हृदयाच्या पृष्ठभागावर टाक्यांनी बसवलेली असेल, तर बिघाडाची शक्यता शिरेतून आत सोडलेल्या वायरीपेक्षा जास्त असते. म्हणून इथे बोलायचं आहे ते वायरीबद्दल.

वडोदऱ्यातल्या घरांना हे कळणं विशेष गरजेचं आहे. इथल्या अनेक मुलांची हृदयशस्त्रक्रिया अहमदाबादला होते, कुणाची यू. एन. मेहता हृदयरोग संस्थेत, कुणाची दुसरीकडे. ऑपरेशन तिकडे झालं तरी पुढचं सगळं आयुष्य इथे, रावपुऱ्यात, दांडिया बाजारात, मांजलपूरला. पोटावर सूज आली, चक्कर आली, तर आधी जवळच्याच डॉक्टरांकडे जाणं होतं. त्यांच्याकडे अशी मुलं क्वचित येतात. अशा वेळी घरच्या माणसांना नेमकं माहीत असेल तर वेळ वाचतो, आणि कधी कधी जीवही.

आधी एक गोंधळ दूर करू. बायपास किंवा झडपेच्या ऑपरेशननंतर रुग्णाच्या छातीखालून दोन-चार बारीक वायरी बाहेर आलेल्या दिसतात. त्यासुद्धा हृदयावरच लावलेल्या असतात, पण तात्पुरत्या. पहिल्या काही दिवसांत ठोका मंदावला तर बाहेरच्या मशीनने हृदय चालवता यावं, एवढंच त्यांचं काम. आठवड्याभरात त्यांची पकड कमी होऊ लागते आणि घरी सोडण्यापूर्वी त्या अलगद ओढून काढतात. त्यानंतर काही तास रुग्णाला झोपवून नाडी आणि रक्तदाब बघत राहतात, कारण काढताना क्वचित हृदयाभोवती रक्त साचू शकतं. कधी वायर सहज निघत नाही, मग ती त्वचेजवळ कापून तेवढा तुकडा आत सोडतात. आपला विषय या वायरींचा नाही. आपला विषय आहे वर्षानुवर्षं शरीरात राहणाऱ्या कायमच्या वायरीचा.

शीर सोडून बाहेरून का?

मोठ्या माणसाला पेसमेकर बसवताना गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेतून वायर हृदयाच्या आत सोडतात. छाती उघडावी लागत नाही, आणि वायर टिकतेही जास्त. तरी काहींच्या बाबतीत हा रस्ता बंद असतो किंवा धोक्याचा असतो.

सर्वात मोठा गट लहान बाळांचा. दहा-पंधरा किलोच्या आतल्या मुलाची शीर इतकी बारीक असते की वायर घातल्यावर ती कायमची बुजण्याची भीती असते. या मुलाला पुढची साठ-सत्तर वर्षं पेसमेकर लागणार आहे, तेव्हा शिरा आताच खर्ची घालून चालत नाही. काही मुलांना जन्मतःच पूर्ण हार्ट ब्लॉक असतो, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेली वीज खालच्या कप्प्यापर्यंत पोहोचतच नाही. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांत असं एखादं बाळ येतं, आणि बऱ्याचदा आईच्या रक्तातली अँटी-रो नावाची प्रतिपिंडं त्याला कारण असतात. काहींचा ब्लॉक हृदयातलं छिद्र बुजवताना येतो, कारण वीज वाहून नेणारा तंतू छिद्राच्या अगदी काठाने जातो. असा ब्लॉक अनेकदा आपोआप सुटतो, म्हणून सर्जन निदान सात ते दहा दिवस तात्पुरत्या वायरींवर वाट बघतात आणि मगच कायमचा पेसमेकर ठरवतात.

याशिवाय ज्यांचं हृदय एकाच कप्प्यावर चालतं आणि फोंटान शस्त्रक्रिया (शिरांतलं रक्त हृदय टाळून थेट फुप्फुसांकडे वळवणारी) झाली आहे, त्यांच्यात शिरेतून योग्य जागी पोहोचायला सरळ वाट उरत नाही. हृदयात उजवीकडून डावीकडे रक्त जाणारं छिद्र राहिलं असेल तर शिरेतल्या वायरीवर धरलेली गुठळी थेट मेंदूकडे जाऊ शकते. हृदयाच्या उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेच्या जागी धातूची झडप असेल तर तिच्यातून वायर नेता येत नाही. डायलिसिसमुळे शिरा बुजलेले रुग्ण, शिरेतल्या वायरीला जंतुसंसर्ग होऊन ती काढावी लागलेले रुग्ण, हेसुद्धा याच रांगेत येतात.

तेव्हा बाहेरून बसवलेली वायर म्हणजे कमी दर्जाचं काम झालं, असा समज करून घेऊ नका. ती रक्तप्रवाहात नसते, त्यामुळे शिरा मोकळ्या राहतात, झडप ओढली जात नाही, आणि जंतुसंसर्ग झालाच तर तो थेट रक्तात उतरण्याचा धोका कमी असतो. आणखी एक फायदा फारसा सांगितला जात नाही, तो म्हणजे सर्जनला जागा निवडता येते. डाव्या कप्प्याच्या टोकाशी वायर लावली तर हृदयाचं आकुंचन जास्त एकसंध होतं आणि वर्षानुवर्षं पेसिंग, म्हणजे मशीनने ठोके देणं, चालूनही हृदयाची ताकद चांगली राहते. उजव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीवर लावलेल्या वायरीचा परिणाम इतका चांगला नसतो.

खरं तर पेसमेकरची सुरुवातच बाहेरच्या वायरीने झाली. १९५७ साली अमेरिकेत मिनियापोलिसला डॉ. वॉल्टन लिलेहाय ऑपरेशननंतर ब्लॉक झालेल्या मुलांच्या हृदयाच्या स्नायूत वायर टाचून ती बाहेरच्या मशीनला जोडू लागले. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना शरीराच्या आत बसणारा जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. त्याच्या वायरीही छाती उघडून हृदयावरच लावल्या होत्या. ते पहिलं मशीन काही तासांतच बंद पडलं. लार्सन मात्र पुढे वीसहून जास्त पेसमेकर वापरून ८६ वर्षं जगले.

आत नेमकं काय बसवलेलं असतं

वायरीच्या एका टोकाला हृदयावर बसणारं इलेक्ट्रोड असतं. सध्या मुलांत सर्रास वापरतात ते बटणासारखं चपटं, टाक्यांनी शिवायचं. त्याच्या पोटात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा एक मिलिग्रॅमहूनही कमी साठा असतो आणि तो हळूहळू झिरपत राहतो. हे औषध शरीरभर जात नाही. इलेक्ट्रोडखाली जखमेचा जाड वण धरू नये, एवढ्यासाठीच ते असतं. दुसरा प्रकार स्क्रूसारखा, स्नायूत फिरवून बसवायचा. त्याला टाके कमी लागतात, आणि चरबीचा थर असलेल्या किंवा आधी ऑपरेशन झालेल्या हृदयावर तो सोयीचा पडतो.

इलेक्ट्रोड एकच असेल तर ती युनिपोलर वायर, तिच्यात डबीचं कवच दुसरं टोक म्हणून काम करतं. दोन बटणं असतील तर बायपोलर. मधला भाग म्हणजे निकेल-कोबाल्ट मिश्रधातूच्या बारीक तारांचं वेटोळं, आणि त्यावर सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनचं आवरण. दुसरं टोक डबीत स्क्रूने घट्ट केलेलं असतं. लहान मुलांत डबी बहुधा पोटाच्या वरच्या भागात, स्नायूच्या मागे ठेवतात, कारण छातीवर तेवढी जागाच नसते. म्हणजे वायर हृदयापासून निघते, बरगड्यांच्या कडेखालून वळते आणि पोटात येते.

या वळणापाशीच खरी अडचण आहे. मिक्सरची वायर जशी प्लगजवळ, रोज वाकते तिथेच आतून तुटते, तशी ही वायर बरगड्यांच्या कडेशी, जिथे तिला टाक्याने बांधलंय तिथे, किंवा डबीच्या तोंडाशी तुटते. मूल वाकतं, बसतं, उड्या मारतं, आणि प्रत्येक ठोक्यासरशी वायरीला एक बारीक हिसका बसतो. मिनिटाला ८० ठोके धरले तर दिवसाला एक लाख पंधरा हजारांच्या आसपास, वर्षाला चार कोटींच्या वर. शिवाय मूल उंच होत असतं, आणि आत ठेवलेली जादा वायर एक दिवस ताणून संपते.

किती टिकतात, याचा अंदाज हवा असेल तर फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेले १७ वर्षांच्या अनुभवाचे आकडे बघा. एका वर्षानंतर ९६ टक्के वायरी नीट चालू होत्या, दोन वर्षांनी ९० टक्के, पाच वर्षांनी ७४ टक्के. यात स्टेरॉइड नसलेल्या जुन्या वायरीही होत्या, म्हणून आजच्या वायरीचा हिशेब यापेक्षा बरा धरायला हरकत नाही. तरीही पाच वर्षांत चारांतली एक बिघडली, ही गोष्ट प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावी. वायर बिघडली म्हणजे मुलाच्या जिवावर बेतलंच असं नाही. बहुतेक बिघाड तपासणीत आधी दिसतात, पण तपासणी वेळेवर झाली तरच.

तपासणीच्या कागदावरचे चार आकडे

तपासणीत पोटावर एक वाटोळी कांडी ठेवतात किंवा बिनतारी जोडणी करतात आणि प्रोग्रॅमर नावाच्या मशीनवर आकडे येतात. एका कंपनीचा प्रोग्रॅमर दुसऱ्या कंपनीचा पेसमेकर वाचू शकत नाही. वेळ ठरवतानाच मेडट्रॉनिक, ॲबट, बोस्टन सायंटिफिक, बायोट्रॉनिक यांपैकी आपला कोणता ते सांगा, म्हणजे त्या दिवशी योग्य मशीन हजर असेल. मुलांची तपासणी तीन ते सहा महिन्यांनी व्हायला हवी, वर्षातून एकदा नव्हे.

पहिला आकडा थ्रेशोल्ड. हृदयाला ठोका द्यायला लावण्यासाठी कमीत कमी किती व्होल्ट लागतात, ते हा सांगतो. त्याच्यासोबत वीज किती वेळ द्यायची तेही लिहितात, उदाहरणार्थ १.० व्होल्ट, ०.४ मिलिसेकंद. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे सूज असते, म्हणून हा आकडा वर चढतो आणि मग खाली येऊन स्थिरावतो. घाबरायचं कारण नसतं. पण वर्ष-दोन वर्षं १.० असलेला आकडा १.५, मग २.२, मग ३ असा चढू लागला, तर इलेक्ट्रोडखाली वण जाड होतोय. डॉक्टर याला एक्झिट ब्लॉक म्हणतात. वीज निघते, पण स्नायूपर्यंत पोहोचत नाही.

मशीन थ्रेशोल्डपेक्षा साधारण दुप्पट व्होल्टवर ठेवतात, म्हणजे हाताशी राखीव ताकद राहते. बॅटरीचा संबंध इथेच येतो. व्होल्ट दुप्पट केले की प्रत्येक ठोक्याला चौपट ऊर्जा लागते. अडीच व्होल्टवर चालणारी डबी पाचवर न्यावी लागली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे 'बॅटरी लवकर का संपली' याचं उत्तर पुष्कळदा वायरीतच असतं.

दुसरा आकडा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये. साधारणपणे तो काही शे ओहमपासून हजार-दीड हजारापर्यंत असतो. पण एकट्या आकड्यापेक्षा आपल्याच मुलाच्या मागच्या आकड्यांशी तुलना जास्त मोलाची. चार वर्षं ६०० ते ६५० च्या दरम्यान असलेली वायर एकदम दोन हजारांच्या पुढे गेली तर आतली तार तुटली असण्याची दाट शक्यता, किंवा डबीतला स्क्रू ढिला झालाय. उलट ती २०० च्या खाली आली तर आवरण फाटलंय आणि वीज वाटेतच गळतेय. असं गळतं तेव्हा पोटाचा स्नायू ठोक्याबरोबर फडफडतो किंवा सतत उचकी लागल्यासारखं होतं. मुलाने 'पोटात टिकटिक होतेय' म्हटलं तर ते हसण्यावारी नेऊ नका.

तिसरा आकडा सेन्सिंग. हृदयाचा स्वतःचा ठोका मशीनला किती मिलिव्होल्टचा दिसतो, ते यावरून कळतं. आणि इथे एक धोका आहे जो सहज लक्षात येत नाही. अर्धवट तुटलेल्या वायरीची टोकं एकमेकांवर घासली की विजेची खरखर निर्माण होते. मशीनला वाटतं, हृदय आपलं आपण चालतंय, आणि ते थांबून राहतं. वीज द्यायची त्याच वेळी दिली जात नाही. ज्या मुलाचा स्वतःचा ठोका फारच कमी आहे, ते अशा वेळी कोसळू शकतं. तुटलेली वायर झोपलेल्या मुलात पुष्कळदा अगदी व्यवस्थित आकडे दाखवते. म्हणून तपासणी करताना मुलाला उठून बसायला, वाकायला, हात वर करायला सांगावं, डबीवर हलका दाब द्यावा, आणि त्या वेळी पडद्यावरचा आलेख बघावा. हे केलं नाही तर 'सगळं छान आहे' या शब्दांना अर्धाच अर्थ. डॉक्टरांना किंवा तंत्रज्ञांना तसं करायची विनंती करायला संकोचू नका.

बायपोलर वायरीतली एकच तार तुटली असेल तर मशीन युनिपोलरवर टाकून उरलेल्या तारेवर काही काळ काम भागवता येतं. पुष्कळ मशीनं हा बदल स्वतःच करतात. ही तात्पुरती सोय आहे. पुढची शस्त्रक्रिया घाईगर्दीत न होता नीट ठरवून व्हावी, एवढाच वेळ तिने मिळतो.

चौथा आकडा पेसिंगची टक्केवारी, म्हणजे शंभरातले किती ठोके मशीनने दिले ते. तिच्या जोडीला एक प्रश्न जरूर विचारा : मशीन थांबवलं तर मुलाचा स्वतःचा ठोका किती? उत्तर ५५ असेल तर वायर तुटल्यावर हॉस्पिटल गाठायला सहसा वेळ मिळतो. उत्तर 'ठोकाच येत नाही' असेल तर वायरीतल्या किरकोळ शंकेलाही थांबायचं नाही.

हे चारही आकडे तारखेसह एका वहीत उतरवत जा. डॉक्टर बदलतात, हॉस्पिटल बदलतं, फाइल हरवते. वही तुमच्याजवळ राहते.

वायर चालू आहे, पण हृदयाला आवळतेय

हा भाग सर्वांत काळजीपूर्वक वाचावा, कारण इथे चारही आकडे उत्तम असू शकतात.

बाळ मोठं होणार म्हणून सर्जन जादा वायर वेटोळं करून आत ठेवतात. हे वेटोळं हृदयाच्या मागून किंवा भोवताली गेलं, तर हृदय वाढतं आणि वायर मात्र वणात रुतून जागच्या जागी राहते. काही वर्षांनी ती हृदयाच्या रक्तवाहिनीवर, म्हणजे कॉरोनरीवर, दाब देऊ लागते. एकेकाळी ही अतिशय दुर्मीळ गोष्ट मानली जायची. बॉस्टनच्या बालहृदयरोग तज्ज्ञांनी २०१८ मध्ये दाखवलं की त्यांनी अभ्यासलेल्या १४५ रुग्णांपैकी ८ जणांत, म्हणजे साडेपाच टक्क्यांत, असा दाब होता.

लक्षणं काय? खेळताना छातीत दुखणं, पळताना घेरी, पूर्वीपेक्षा लवकर दमणं, इकोमध्ये हृदयाची ताकद कमी झालेली दिसणं. काहींना यातलं काहीच जाणवत नाही, आणि पहिलं लक्षण प्राणघातकही ठरू शकतं. म्हणून वर्ष-दोन वर्षांनी छातीचा एक्स-रे काढावा, आणि तोही दोन बाजूंनी, समोरून आणि कडेने. एकट्या समोरच्या चित्रात वायर हृदयाच्या पुढे आहे की मागे, ते कळत नाही. दरवेळचे एक्स-रे जपून ठेवा, कारण जुना आणि नवा शेजारी शेजारी धरला की वेटोळं किती ताणलंय ते डोळ्यांनी दिसतं. वायर हृदयाच्या कडेला चिकटून गोल फिरलेली दिसली तर पुढची पायरी कॉरोनरींचा सीटी स्कॅन. दाब सिद्ध झाला तर ऑपरेशन करून वायर सोडवावी, कापावी किंवा बदलावीच लागते. त्यावर गोळी नाही.

पेसमेकर असलेल्या मुलाने धावताना छातीत दुखतं म्हटलं आणि 'पेसमेकरचा रिपोर्ट नॉर्मल आहे, काही नाही' असं उत्तर मिळालं, तर तेवढ्यावर घरी परतू नका. वायरीचा मार्ग तपासला का, हे विचारा.

पोटातली डबी आणि वडोदऱ्याचं वर्ष

डबी पोटात असल्यामुळे काही काळज्या छातीतल्या पेसमेकरपेक्षा वेगळ्या पडतात, आणि मोठ्यांसाठी लिहिलेल्या माहितीपत्रकात त्या सापडत नाहीत.

उत्तरायणात मुलं अगाशीच्या कठड्यावर पोट टेकवून, अर्धी बाहेर झुकून पतंग काटतात. पडण्याची भीती तर आहेच, पण कठडा नेमका डबीवर आणि वायरीच्या वळणावर दाबला जातो, दोन दिवस, तासन्‌तास. पतंग उडवू द्या, पण कठड्यापासून दूर उभं राहून. नवरात्रात गरबा खेळायला हरकत नाही, ठोका पुरेसा वाढतो की नाही ते डॉक्टरांकडून तपासून घेतलेलं असलं म्हणजे झालं. चणियाचा नाडा मात्र डबीवरून घट्ट बांधू नका. रात्रभर घासून तिथली त्वचा पातळ होते, आणि बारीक मुलीच्या अंगावर डबीची कड वर येऊ शकते. नाडा खाली बांधा किंवा आत मऊ कापडाची घडी द्या. मैदानातल्या मोठ्या स्पीकरांत जबरदस्त लोहचुंबक असतात, त्यांना टेकून उभं राहू नये. दाराशी धातुशोधक चौकट असेल तर नेहमीच्या चालीने पार व्हावं, तिच्यात थांबू नये. हातातला शोधक पोटावर धरून ठेवू नका, असं कार्ड दाखवून सांगावं.

लोहचुंबक जवळ आला की पेसमेकर बंद पडत नाही. तो हृदयाकडे न बघता ठरलेल्या वेगाने ठोके देऊ लागतो, आणि चुंबक दूर झाला की पूर्ववत होतो. तरीही मोबाइल डबीपासून निदान १५ सेंटिमीटर लांब हवा. छातीत डबी असलेल्या माणसाला 'वरच्या खिशात फोन नको' एवढं सांगून भागतं. पोटात डबी असेल तर कमरेचा पाउच, पँटचा खिसा, बाळाला मांडीवर घेऊन आईने धरलेला फोन, हेसुद्धा मोजायला लागतं.

इंडक्शन शेगडीचंही तसंच. ओटा आणि पोट एकाच उंचीवर येतात. अशा शेगडीपासून दोन फूट मागे राहणं म्हणजे तिच्यावर स्वयंपाक करणं अशक्यच. घरात पोटात पेसमेकर असलेली मुलगी किंवा बाई स्वयंपाक करत असेल तर गॅसच बरा. मिक्सर, फ्रिज, टीव्ही यांची चिंता नको. मोठा झालेला मुलगा मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत कामाला लागणार असेल तर आर्क वेल्डिंग आणि मोठ्या मोटारींचं काम स्वीकारण्याआधी पेसमेकरच्या डॉक्टरांशी बोला. युनिपोलर वायर असल्यास बाहेरच्या विजेचा त्रास जास्त होतो.

पोहणं, धावणं, सायकल हे सगळं चालतं. कराटे, कबड्डी, जिथे पोटावर थेट मार बसतो, ते टाळावं.

सूज आली तर सुई नको

डबीवर लाली, गरमपणा, सूज किंवा पाणी दिसलं तर जवळच्या दवाखान्यात कुणालाही तिथे सुई घालून पाणी काढू देऊ नका. सुईने वायरीचं आवरण फाटू शकतं, आणि बाहेरचे जंतू आत जातात. रक्ताचं कल्चर न घेता अँटिबायोटिक सुरू करणंही टाळा, कारण मग जंतू कोणता ते कळत नाही. सूज खाली उतरल्यासारखी वाटते आणि महिन्याने आणखी आत पसरलेली सापडते. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे त्याच दिवशी फोन करा. अहमदाबाद ११० किलोमीटरवर आहे, दोन तासांचा रस्ता.

नाडी मोजायला घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्यावं. मनगटावर किंवा लहान बाळाच्या दंडाच्या आतल्या बाजूला, पूर्ण ६० सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, मधे चुकलेला ठोका त्यात हरवतो. मशीन किमान किती ठोक्यांवर ठेवलंय ते वहीत लिहिलेलं असेल. ते ७० असेल आणि पुन्हा मोजूनही नाडी ५० भरली, तर त्याच दिवशी तपासणी. मूल बेशुद्ध झालं तर १०८ ला फोन. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. पेसमेकर आहे म्हणून थांबायचं नाही, दाबणाऱ्याला विजेचा झटका बसत नाही.

एमआरआय, शेक आणि दुसरी ऑपरेशनं

पेसमेकरवर 'एमआरआय चालतो' असं लिहिलेलं असतं, तेव्हा ती हमी डबी आणि ठरावीक वायर अशा जोडीची असते. हृदयावर शिवलेल्या वायरींना अशी मान्यता सहसा नसते. त्यांच्या टोकाशी उष्णता वाढून स्नायू भाजू शकतो. म्हणून आधी सीटी किंवा सोनोग्राफीने काम भागतं का ते विचारावं. एमआरआयला पर्याय नसेल तर काही अनुभवी केंद्रं पेसमेकरची टीम शेजारी ठेवून, एकेका रुग्णाचा धोका तोलून तो करतात. तो निर्णय स्कॅन सेंटरच्या खिडकीवर होऊ नये.

फिजिओथेरपीतला शॉर्टवेव्ह डायाथर्मीचा शेक पूर्ण बंद, पाय दुखत असला तरी. दुसऱ्या कोणत्याही ऑपरेशनात विजेची सुरी, म्हणजे कॉटरी, वापरणार असतील तर सर्जनला आधी कळवा. बायपोलर कॉटरी किंवा थोडा-थोडा वेळ चालवलेली साधी कॉटरी, आणि वीज परत नेणारं पॅड अशा जागी की प्रवाह डबीवरून जाणार नाही. दात काढणं, भरणं याला अडचण नाही.

डबी बदलताना, आणि मूल मोठं झाल्यावर

डबी बदलण्याचं ऑपरेशन छोटं, पण वायरीसाठी ते महत्त्वाचं. पोट उघडलेलंच असतं, तेव्हा जुनी वायर ॲनलायझर नावाच्या बाहेरच्या मोजणी यंत्राला जोडून नव्याने मोजता येते. आवरण पॉलियुरेथेनचं असेल तर ते विजेच्या सुरीच्या उष्णतेने वितळू शकतं, सिलिकॉन जास्त तग धरतं. वायर सात-आठ वर्षं जुनी आहे, थ्रेशोल्ड चढतोय आणि मूल मशीनवर पूर्ण अवलंबून आहे, अशा वेळी तीच वायर नव्या डबीला जोडायची की नवी घालायची, हे ऑपरेशनच्या टेबलावर नव्हे, आधी बसून ठरवावं. आमचं मत स्पष्ट आहे : ज्या मुलाला स्वतःचा ठोका नाही, त्याची शंकास्पद वायर आणखी एका डबीच्या आयुष्यभर चालेल या भरवशावर सोडू नये.

मूल पुरेसं मोठं झालं, हृदयाची रचना साथ देत असली, की शिरेतून नवी वायर घालता येते. साधारण शाळेच्या मधल्या इयत्तांत हा विचार सुरू होतो, आणि घाई नसेल तर थांबणंही शहाणपणाचं, कारण शीर जितकी उशिरा वापरली तितकी बरी. हृदयावरची जुनी वायर वणात इतकी रुतलेली असते की ती पूर्ण काढायला पुन्हा छाती उघडावी लागते. म्हणून ती बहुधा टोपण लावून किंवा कापून आतच ठेवतात. आत राहिलेल्या वायरीला वीज जोडलेली नसते, तरी एमआरआयचा धोका तिच्यामुळेही असतो आणि रक्तवाहिनी आवळण्याचा धोकाही तसाच राहतो, म्हणजे एक्स-रे चालूच ठेवायचे.

पेसमेकरच्या कार्डावर बहुतेक वेळा फक्त चालू डबी आणि चालू वायरींची नावं असतात. त्यामागे स्वतः लिहून ठेवा : आत बंद पडलेल्या किती वायरी आहेत, कोणत्या साली बसवल्या, मॉडेल नंबर काय, हृदयाच्या कोणत्या भागावर, युनिपोलर की बायपोलर. ही माहिती पहिल्या ऑपरेशनच्या टिपणीत असते. डिस्चार्जच्या कागदात ती नसेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून तिची प्रत मागून घ्या, मूल लहान आहे तोवरच.